आधी ब्रेक, मग मोटार

कोल्हापूर, रविवार

चि. मुक्तास,

तुझं पत्र आणि सोबतचं चित्र मिळालं. बाबांची जुनी सायकल, मागच्या चाकात मोटार, कॅरियरवर बॅटरी, आणि पाइप कापून केलेले क्लॅम्प. चित्र मी भिंतीला लावलंय. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो, पण अकरावीतल्या मुलीनं मापं टाकून काढलेलं असं चित्र याआधी हाती आलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितोय. यातलं घरी काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढंच मला सांगायचंय.

१९४६ साली जपानच्या हमामात्सूत सोइचिरो होंडांनी सायकलीला यंत्र जोडायचा हाच उद्योग आरंभला होता. युद्ध नुकतंच संपलेलं, पेट्रोलची टंचाई, आगगाड्यांना मरणाची गर्दी. लष्कराच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी टू-स्ट्रोक इंजिनं, सुमारे पाचशे, त्यांना मिळाली. ती त्यांनी साध्या सायकलींना बसवली. पहिल्या सायकलीला पेट्रोलची टाकी म्हणून चक्क अंथरूण गरम करायची पाण्याची बाटली बांधली होती. पत्नी साची यांनी ती सायकल रस्त्यावर चालवून पाहिली. लष्करी इंजिनं संपत आल्यावर त्यांनी स्वतःचं इंजिन घडवलं आणि १९४७ मध्ये विकायला आणलं. टाकी घरातली होती, पण सायकल आणि इंजिन दोन्ही कारखान्यातून निघालेली, हे ध्यानात ठेव.

आता माझी गोष्ट. विशीत असताना मी फवारणी पंपाचं इंजिन सायकलीवर चढवलं होतं. क्लॅम्प मीच केला, पातळ पत्र्याचा. तिसऱ्या दिवशी उतारावर तो सरकला, चेन तिरकी झाली आणि मागच्या चाकाच्या तारांत शिरली. चाक जागच्या जागी अडकलं. डावं मनगट अजून थंडीत ठणकतं. बोल्ट मी चांगला आवळला होता. पत्राच मऊ होता, आणि इंजिनाचा झटका झेलायला दुसरं काही दिलंच नव्हतं.

तुझ्या चित्रात नेमकी तीच जागा मोकळी आहे. हबमधली मोटार चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा एक्सल तेवढ्याच जोरानं उलटा फिरू पाहतो. त्याला धरून ठेवतात फक्त दोन चपट्या कडा, एकमेकींपासून १० मिलिमीटरवर. चाक धरणाऱ्या चिमट्याची खाच झिजली की एक्सल तिथल्या तिथे फिरतो, वायर पिळवटून तुटते आणि चाक निसटतं. यासाठी रोधपट्टी लागते, आणि ती तू घरी कर. माइल्ड स्टीलची ५ ते ६ मिलिमीटर जाडीची पट्टी घे. ९.५ चं भोक पाड आणि पुढचं काम कानशीनं कर: रुंदी १०, लांबी १२. दर चार हात मारले की एक्सलवर बसवून बघ. हातानं दाबल्यावर जेमतेम जायला हवी. सैल झाली तर ती टाकून दे आणि दुसरी कर. पट्टीचं दुसरं टोक १०० मिलिमीटरवर सायकलीच्या चिमट्याला बांधलंस की तिथे येणारा जोर एक्सलच्या कडांवरल्या जोराच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी राहतो. चिमटा लोखंडी आहे ना, चुंबक लावून बघ. ॲल्युमिनियमचा असेल तर मोटार त्यात बसवूच नकोस.

बॅटरीची पेटी, चेनचं कव्हर, दिव्याचा स्टँड हेही खुशाल घरी कर. चिमटा आणि ब्रेक मात्र विकतचेच हवेत. लिथियमचे सेलही स्वतः जोडायचे नाहीत. ३६ व्होल्टच्या संचात दहा सेल ओळीनं असतात आणि पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट होतात. त्यातला एक जरी बिघडला तरी आग लागू शकते, आणि ती आग सहजी विझत नाही. संरक्षक सर्किट असलेला तयार संच घे. १० अँपिअर-तासांचा पुरेल. त्यात ३६० वॉट-तास मावतात, म्हणजे २५० वॉटची मोटार कागदावर दीड तासाच्या आतबाहेर चालेल.

आणि ब्रेक. बाबांच्या सायकलीला दांड्यांचे ब्रेक आहेत आणि क्रोमची रिम. पावसात त्या रिमवर रबर नुसतं घसरतं. ताशी १५ किलोमीटरऐवजी २५ नं निघालीस तर ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर पावणेतीनपट होतं, शिवाय मोटार-बॅटरीचं वजन वेगळं. पुढचं चाक ॲल्युमिनियमच्या रिमचं घे, त्याला कॅलिपर ब्रेक बसव, आणि दाबताक्षणी मोटार बंद करणारा स्विच असलेली ब्रेकची मूठ घे. मोटारीचे पैसे त्यानंतर काढ.

कायद्याचंही सांगतो. २५० वॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणीतून सूट मिळते, पण ती चाचणी-संस्थेनं तपासलेल्या गाडीला. घरी केलेल्या गाडीला ती आपोआप लागू होत नाही. म्हणून मैदानातच चालव, बाबांना सोबत घेऊन, हेल्मेट घालून.

दिवाळीच्या सुट्टीत मागचं चाक आणि न कापलेली पट्टी घेऊन इकडे ये. चाकाचा आउट आपण दोघं मिळून काढू. व्हाइस आणि कानस माझ्याकडे आहेत. तोवर मोटारीची वायर जोडू नकोस.

तुझा,
आबा