एका कॅसेटमधली सहा वर्षं

ऑक्टोबर १९८१ मध्ये 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडने तीन गोष्टी एकदम बाजारात आणल्या. 'ग्रेटेस्ट हिट्स' ही तबकडी, 'ग्रेटेस्ट पिक्स' हे छायाचित्रांचं पुस्तक आणि 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' ही व्हिडिओ कॅसेट. तबकडीचं पुढे काय झालं हे जगाला ठाऊक आहे. एकट्या ब्रिटनमध्ये तिच्या सत्तर लाखांवर प्रती खपल्या. तिथे इतका खप दुसऱ्या कुठल्याच अल्बमच्या वाट्याला आलेला नाही. कॅसेट मात्र मागे पडली. कॅसेट लावायचं यंत्रच घरातून गेलं, तिथे कॅसेटची आठवण कोण काढणार? मला बोलायचं आहे ते या कॅसेटबद्दल, आणि त्यातही तिच्या एकाच गुणाबद्दल.

तबकडी आणि कॅसेट, दोन्हींत गाणी बहुतांशी तीच आहेत. क्रम वेगळा आहे. तबकडीची पहिली बाजू 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने सुरू होते. ते १९७५ चं गाणं. त्यामागे 'अनदर वन बाइट्स द डस्ट', म्हणजे थेट १९८०. मग 'किलर क्वीन', म्हणजे परत मागे १९७४. काळ असा पुढेमागे उड्या मारत राहतो आणि ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. कारण तबकडीची रचना मैफलीच्या हिशेबाने केलेली आहे. कुठे चढवायचं, कुठे विसावा द्यायचा, कशामागे काय शोभेल, एवढंच पाहिलं आहे. आणि भैरवीच्या जागी 'वी आर द चॅम्पियन्स' ठेवून दिलं आहे. गाणं कोणत्या साली झालं, हा प्रश्न मैफलीत कुणी विचारत नाही.

कॅसेट उलगडते ती सालाप्रमाणे. 'किलर क्वीन'पासून निघायचं आणि 'फ्लॅश'पाशी थांबायचं. १९७४ ते १९८०, मधली सहा वर्षं ज्या ओळीने गेली त्याच ओळीने. एकाच बँडची, एकाच महिन्यात निघालेली, त्याच गाण्यांची दोन संकलनं; एकाने काळाचा क्रम मोडला, दुसऱ्याने पाळला. यामागे कुणी फार खोल विचार केला असेल असं नाही. पण चित्र आलं की असं करावंच लागतं. कारण आवाज आपलं वय सांगत नाही आणि चेहरा ते सांगितल्याशिवाय राहत नाही. जाणकाराला ध्वनिमुद्रणाच्या पोतावरून साल ओळखता येईल, हे खरं. पण तुमच्याआमच्या कानाला बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा १९७४ चा आवाज आणि १९८० चा आवाज एकाच माणसाचा, एकाच वर्तमानातला वाटतो. डोळ्याला तसं वाटत नाही. डोळा केस पाहतो, कपडे पाहतो, मिशी पाहतो आणि लगेच काळ ओळखतो.

गंमत अशी की, या चित्रफिती बनवणाऱ्यांच्या मनात काळाची नोंद करण्याचा विचारही नव्हता. १९७५ च्या नोव्हेंबरात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' खपाच्या यादीत वर चढू लागलं. ब्रिटनमध्ये गाणं चालू लागलं की बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात जाऊन ते सादर करायचं, अशी रीत होती. पण बँड दौऱ्यावर निघणार होता, आणि पावणेसहा मिनिटांहून लांब असलेल्या त्या गाण्याच्या मधल्या भागात आवाजांवर आवाज इतके चढवलेले होते की चौघांनी मंचावर उभं राहून ते गाणं शक्यच नव्हतं. नुसते ओठ हलवले असते तर हसं झालं असतं. मग ठरलं की आपण जायचं नाही, चित्रफीत पाठवायची. एल्स्ट्री स्टुडिओत दौऱ्याची तालीम चालू होती, तिथेच १० नोव्हेंबरला ब्रूस गावर्स या दिग्दर्शकाने ती चित्रित केली. सुमारे चार तास आणि साडेचार हजार पौंड. फिल्मवर नव्हे, व्हिडिओ टेपवर, थेट प्रक्षेपणाची साधनं वापरून.

चित्रफितीत दोन क्लृप्त्या आहेत आणि दोन्ही उघड्या डोळ्यांनी उकलता येतात. पहिली, चेहऱ्यांची आवर्तनं. कॅमेऱ्यासमोर पैलू पाडलेली काच धरली की प्रत्येक पैलूतून तोच चेहरा दिसतो. दुसरी, एकच चेहरा लांबवर रांगेने विरत जातो ती. कॅमेरा जे टिपतो आहे तेच पडद्यावर दाखवायचं आणि तो पडदाच पुन्हा कॅमेऱ्याने टिपायचा. मग चित्रात चित्र, त्यात चित्र, असं ते मागे मागे जात राहतं. आणि अंधारात वर तोंड करून उभे असलेले ते चार चेहरे? ती मिक रॉक या छायाचित्रकाराने त्यांच्या 'क्वीन टू' या अल्बमच्या वेष्टनासाठी टिपलेली मांडणी. त्याला ती मार्लेन डीट्रिच या अभिनेत्रीच्या जुन्या छायाचित्रावरून सुचली होती. स्थिर छायाचित्र जिवंत केलं, एवढंच. दहा दिवसांनी, २० नोव्हेंबरला ती 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये दाखवली गेली आणि गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

म्हणजे मुळात ही गैरहजेरीची सोय होती. आम्ही येऊ शकत नाही, हे दाखवा. काम झालं की विसरून जायचं. टीव्हीवर दाखवलेलं टिकवायचं असतं अशी समजूतच तेव्हा नव्हती. खुद्द बीबीसीने 'टॉप ऑफ द पॉप्स'चे जुने कितीतरी भाग पुसून त्याच टेपांवर दुसरं काही भरलं आणि ते भाग कायमचे गेले. अशा वातावरणात गाण्याच्या चित्रफितीचं आयुष्य ते गाणं चालेल तितकंच, म्हणजे काही आठवड्यांचं. ज्याच्यासाठी कुणी उद्याचा विचार केला नव्हता, तेच जपलं गेलं.

आणि विचार न केल्यामुळेच या चित्रफितींत जगणं शिरलं, असं मला वाटतं. जानेवारी १९७८ मध्ये ड्रमर रॉजर टेलरच्या सरे भागातल्या घराच्या परसात, बर्फात उभं राहून 'वी विल रॉक यू' आणि 'स्प्रेड युअर विंग्ज' अशी दोन गाणी चित्रित झाली. यांत नेपथ्य नाही. उघडी झाडं आहेत, पांढरी जमीन आहे आणि गारठलेली चार माणसं आहेत. गिटारवादक ब्रायन मेच्या हातातली गिटार नीट पाहा. त्याची नेहमीची गिटार त्याने किशोरवयात वडिलांच्या मदतीने घरीच घडवलेली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरलेली. इथे आहे ती त्या गिटारची जॉन बर्च या कारागिराने बनवलेली नक्कल. मूळ गिटार त्या बर्फात त्याने आणली नाही. गाणं ऐकून हे कधीच कळलं नसतं. गाण्यात बर्फ नाही, थंडी नाही, त्या दिवसाचा उजेड नाही. गाण्यात पाय आपटण्याचा तो ठोका आहे, जो आज जगातल्या कुठल्याही मैदानावर कुठल्याही ऋतूत चालतो. चित्रफितीत मात्र तो ठोका एका ठरावीक हिवाळ्यातल्या एका ठरावीक परसातला आहे.

मग १९८०. 'प्ले द गेम'मध्ये फ्रेडी येतो तो आखूड केसांचा आणि मिशी राखलेला. चाहते इतके नाराज झाले की अमेरिकेच्या दौऱ्यात मंचावर रेझर फेकले गेले. त्याच गाण्यात आणखी एक बदल आहे, ऐकण्यातला. आम्ही सिंथेसायझर वापरत नाही असं आपल्या अल्बमवर अभिमानाने छापणाऱ्या या बँडने १९८० च्या 'द गेम'पासून तो वापरायला सुरुवात केली. कानासाठी हा बदल मिशीपेक्षा कितीतरी मोठा आहे. तरी लोकांना टोचली ती मिशी.

कॅसेट नावाच्या वस्तूनेही या क्रमाला हातभार लावला. तबकडीवर सुई उचलून हव्या त्या गाण्यावर ठेवता येते. टेपवर तसं नाही. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' पाहायचं तर त्याआधीची फीत पुढे सरकवावीच लागते, आणि चित्र सुरू ठेवून सरकवली तर मधली माणसं भराभर हलत समोरून जातात. लांब केस, पांढरे झगे, बर्फ, मिशी. काही मिनिटांत सहा वर्षं. मागे सरकवली तर तीच माणसं तरुण होत जातात. घरच्या माणसाने बोटाने एक कळ दाबून हे करावं, ही गोष्ट तेव्हा अगदी नवी होती. व्हीएचएस यंत्र जपानात १९७६ मध्ये आलं. 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' निघाली तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचं होतं, आणि अमेरिकेत एमटीव्ही ही गाण्यांच्या चित्रफितींची वाहिनी सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. कुण्या बँडने आपली सगळी गाणी चित्रांसह विकत घ्यायला द्यावी, यातली धिटाई आज सहज लक्षात येत नाही.

मराठी वाचकाला इथे पाचगणी आठवल्याशिवाय राहणार नाही. फ्रेडी म्हणजे फारुख बलसारा, १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. पियानो तो तिथे शिकला, 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड तिथेच केला. त्या दिवसांची कृष्णधवल छायाचित्रं पुस्तकांतून छापलेली आहेत. आपल्याकडे या गोष्टीचा अभिमान वाटतो तो रास्तच आहे. पण कॅसेट सुरू होते त्याच्या कितीतरी नंतर, जेव्हा तो पुरता फ्रेडी झालेला आहे. क्रमाने लावलेल्या चेहऱ्यांनाही कुठेतरी पहिला चेहरा असतो, आणि त्याच्या आधीचं त्यात नसतं.

दहा वर्षांनी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, दुसरा संच निघाला: 'ग्रेटेस्ट हिट्स टू' आणि 'ग्रेटेस्ट फ्लिक्स टू'. आवाज लपवतो आणि चेहरा सांगतो, हे माझं म्हणणं खरं किती ते याच वर्षाने दाखवून दिलं, आणि फार निष्ठुरपणे दाखवलं. फ्रेडीला एड्स झाला होता. बाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं. आवाज अजून शाबूत होता. 'द शो मस्ट गो ऑन' हे गाणं याला आता झेपेल का, अशी ब्रायनला शंका होती. त्याने गायलं, आणि आज ते ऐकताना गाणारा माणूस आजारी आहे अशी पुसटशीही शंका येत नाही. आवाजाने वय लपवलं, आजारही लपवला. चेहऱ्याला ते जमणार नव्हतं. 'आय ॲम गोइंग स्लाइटली मॅड'साठी चेहऱ्यावर रंगाचे जाड थर, डोक्यावर विस्कटलेला टोप, चित्रण कृष्णधवल. वेडाचं गाणं असल्यामुळे ते सोंग म्हणून खपून गेलं. ३० मे १९९१ रोजी 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'साठी तो शेवटचा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. तेही बाहेर आलं ते कृष्णधवलच. ब्रायन त्या दिवशी अमेरिकेत होता. त्याची दृश्यं नंतर चित्रित करून जोडली.

मग 'द शो मस्ट गो ऑन'चं काय करायचं? नवं चित्रण शक्यच नव्हतं. म्हणून बँडच्या मागच्या दशकभरातल्या चित्रफितींचे तुकडे कापून एकामागे एक लावले आणि त्यावर हे गाणं ठेवलं. म्हणजे या गाण्याची चित्रफीत हा स्वतःच एक संग्रह आहे. वर आवाज आताचा, ताजा, आणि खाली चेहरे निरनिराळ्या वर्षांतले, सगळे आताच्या आधीचे. १९७५ मध्ये बँड दौऱ्यावर जाणार म्हणून चित्रफीत केली होती. आता माणूसच उभा राहू शकत नव्हता. १४ ऑक्टोबरला ते गाणं आलं आणि २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. त्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा काढलं गेलं आणि त्याच तबकडीवर जोडीला 'दीज आर द डेज' दिलं. पहिली गाजलेली चित्रफीत आणि शेवटची, दोन्ही गाणी एकत्र पहिल्या क्रमांकावर गेली.

२००२ मध्ये हीच जुनी गाणी 'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स वन' या नावाने डीव्हीडीवर आली. आवाज नव्याने सुधारलेला, पाच दिशांनी घेरणारा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आवाज सुधारला तरी गाण्याचं काही बिघडत नाही. पण नव्या रुंद टीव्हीत बसावं म्हणून कितीतरी चित्रफिती वरून आणि खालून छाटल्या. हे मला मान्य नाही. त्या काळच्या पडद्याची जवळपास चौकोनी चौकट हीसुद्धा त्या सालाची खूण होती. ती छाटली की केसांना आणि मिशीला सोबत करणारी एक तारीख पुसली जाते. चाहत्यांनी तेव्हा नाराजी बोलून दाखवली ती योग्यच होती.

आता ही सगळी गाणी फोनवर आहेत, एकेक सुटी. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने २०१९ मध्ये यूट्यूबवर शंभर कोटींचा आकडा ओलांडला आणि त्या निमित्ताने ती चित्रफीत स्वच्छ करून पुन्हा दिली गेली. इतकी नितळ की एल्स्ट्रीच्या त्या चार तासांतला धूरही नीट दिसतो. पण एक संपलं की पुढे काय लागेल ते यंत्र ठरवतं, आणि यंत्राचा हिशेब तबकडीसारखा आहे, कॅसेटसारखा नाही. १९९१ चा रंग थापलेला चेहरा संपतो आणि लगेच १९७८ च्या बर्फात तोच माणूस उभा असतो. डोळे मिटून ऐकलं तर यात काहीच खटकत नाही. उघडे ठेवून पाहायचं असेल, तर सालांची यादी हाताशी घ्यावी, 'किलर क्वीन'पासून एकेक गाणं स्वतः लावावं, आणि तासभर दुसरं काही करू नये.