बाळंतिणीचा वाटा

बाळंतविडा हा महाराष्ट्रातला जुना आहेर. पहिले बाळंतपण माहेरी होई, आणि बारशाच्या आगेमागे सासरची माणसे किंवा नात्यागोत्यातल्या बायका बाळंतीण पाहायला जाताना तो घेऊन जात. त्यात बाळासाठी कुंची, टोपडे, झबली, लंगोट, दुपटी आणि ऐपतीप्रमाणे चांदीचे वाळे किंवा सोन्याच्या मनगट्या असत. बाळंतिणीसाठी साडी, खण, डिंक, खारीक, खोबरे, अळीव, सुंठ, गूळ, तूप, ओवा आणि बाळंतशोप. जिल्ह्याजिल्ह्यात, जातीजातीत तपशील बदलत. मात्र आहेराचे दोन वाटे बहुतेक ठिकाणी ठरलेले होते, आणि आईच्या वाट्यातले बरेचसे खाऊन, वापरून संपणारे असे.

आता हा आईचा वाटा जवळजवळ नाहीसा झाला आहे. बाळंतीण रुग्णालयातून घरी येते तेव्हा तिच्यामागोमाग येतात ती चकचकीत कागदातली बेबी सेटची खोकी, मऊ अस्वले आणि नवजात मापाचे इतके कपडे, की त्यातले निम्मे अंगाला लागण्याआधीच तोकडे होतात. (बाळाचे वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट होते. कपडेच न्यायचे तर सहा महिन्यांच्या मापाचे न्यावेत, हे दोन मुलांच्या कुठल्याही आईला ठाऊक असते.) यात कोणाचा हेतू वाईट नसतो. दुकानात बाळासाठी वेगळा विभाग असतो, बाळंतिणीसाठी एक फळीही नसते. शिवाय पूर्वी आईला जे मिळायचे ते करून घालणारे हात घरातच असत. विड्यातला डिंक कच्चा आला तरी चाले, कारण तो तळून, कुटून लाडू वळणारी आई, काकू किंवा आजी त्या घरात होती. आज तोच कच्चा डिंक दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नेऊन दिला, तर आहेर म्हणून आलेली पुडी ओट्यावर एक काम होऊन बसते.

भेट निवडताना लावायची कसोटी इथेच सापडते: ती घरात आल्यावर बाळंतिणीचे काम वाढणार की कमी होणार? किंमत, टिकाऊपणा, नावीन्य यांचा विचार त्यानंतरचा. या कसोटीवर पुष्कळशा महागड्या भेटी नापास होतात आणि काही अगदी साध्या उत्तम ठरतात.

प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे शरीर झीज भरून काढत असते. गर्भाशय मूळ आकारावर येते, रक्तस्राव काही आठवडे चालतो, टाके भरायचे असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सुमारे एक चतुर्थांश प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. म्हणजे चार बाळंतिणींतली एक पोटावर ताजी जखम घेऊन घरी येते, आणि नवजात बाळ तर चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते. रात्र अशी उरतच नाही. दूध तयार होण्यासाठी पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या आहारविषयक शिफारशी सांगतात. ६०० कॅलरी म्हणजे जवळपास एक पूर्ण जेवण, आणि ते रांधायला उभी राहण्याचे त्राण याच काळात सर्वांत कमी असते.

म्हणून अन्न ही बाळंतिणीला द्यायची पहिली भेट. पण अन्न म्हणजे लाडूच, असे समीकरण होऊन बसले आहे. भेटायला येणारी प्रत्येक बाई डिंकाचा नाही तर मेथीचा लाडू आणते, डबे साठतात, आणि दुपारी दोन वाजता गरम भाकरी-भाजी मात्र कोणीच आणलेली नसते. लाडवांना नावे ठेवण्याचे कारण नाही. गूळ, तूप, खोबरे आणि खारीक यांतून थोडक्या घासांत भरपूर उष्मांक मिळतात, अळिवात लोह असते आणि एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने लाडू खाता येतो, हा त्याचा गुण फारसा कोणी बोलून दाखवत नाही. तरीही लाडू औषधाच्या जागी धरू नयेत. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, आणि सरकारी आरोग्य कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घ्यायला सांगितलेले आहे. गोळी चुकू नये म्हणून रोज आठवण करणारी नणंद हीदेखील एक भेटच.

उपयोगी ठरतो तो रोजच्या जेवणाचा डबा: वरण-भात, बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, शेपूची किंवा मेथीची भाजी, वर लिंबाची फोड. लिंबू केवळ चवीपुरते नसते, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतले लोह अंगी लागायला मदत होते. डबा आदल्या दिवशी विचारून, वेळ ठरवून आणि परत करावा लागणार नाही अशा भांड्यात द्यावा, कारण घासून, पुसून, कोणाचा कोणता हे लक्षात ठेवून परत पाठवायचे डबे हेसुद्धा बाळंतिणीच्याच गळ्यात पडतात. परदेशातल्या मराठी कुटुंबांत मित्रमंडळी पुष्कळदा आपसांत वार वाटून घेतात. ज्यांच्याकडे भारतातून आई येऊ शकत नाही, त्यांच्यासाठी माहेर म्हणजे एवढेच असते.

जुन्या रीतीत सगळेच शहाणपणाचे होते असे नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे, फळे आणि दही वर्ज्य करायचे, कोंदट खोलीत शेगडी पेटती ठेवायची, दहा दिवस विटाळ धरून तिला वेगळे बसवायचे, असे पुष्कळ काही चाले. विटाळाने तिला काही दिवस चुलीपासून लांब ठेवले हे खरे. पण ती सुटका मानाची नव्हती. दूध पाजणाऱ्या बाईला पाणी तोडणे तर उलटेच, तिची तहान वाढलेली असते. तेव्हा परंपरेच्या नावाने पथ्यांची यादी घेऊन येणे ही भेट नव्हे. भेटीला आलेल्या दहा जणींनी दहा सल्ले दिले, तर त्यांतले नऊ परस्परविरोधी असतात, आणि ते सगळे ऐकून घेणारी बाई रात्रभर जागलेली असते.

अन्नाखालोखाल मोलाचे ते माणसाचे श्रम. मालिशवाली ही संस्था अजून टिकून आहे. सव्वा महिना रोज येऊन आईला आणि बाळाला तेल लावणे, अंघोळ घालणे आणि रिवाज असेल तिथे शेक-धुरी देणे हे तिचे काम. धुरी मात्र टाळलेली बरी, बाळाच्या फुप्फुसांना धूर मानवत नाही. शस्त्रक्रिया झाली असेल तर पोटाला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे. एवढी काळजी घेतली तर सव्वा महिन्याची मालिशवालीची मजुरी चार मैत्रिणींनी मिळून भरणे ही उत्तम भेट होते. तसेच धुणेभांडी करणाऱ्या बाईचे जादा तासांचे पैसे, किंवा पोळ्यांसाठी लावलेली बाई. थोरले मूल असेल तर त्याला संध्याकाळी दोन तास बागेत नेणे याला एक पैसाही लागत नाही. हे फोटोत येत नाही, बारशाच्या दिवशी मांडून ठेवता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच सुचत नाही.

काही वस्तू प्रेमाने दिल्या तरी त्रासाच्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. चांदीच्या वाटी-चमच्यासोबत मधाचे बोट चाटवायची हौस तेवढी आवरावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही. तेव्हा बाळगुटीचे साहित्यही मागितल्याशिवाय नेऊ नये, मग मुरडशेंग आणि वेखंड कितीही शुद्ध असोत. काजळाचेही तेच, काही काजळांत शिसे सापडलेले आहे. दुधाची बाटली आणि पावडरीचा डबा यांबाबत तर भारतात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. या वस्तू बनवणाऱ्या-विकणाऱ्यांना त्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने किंवा भेटी द्यायला त्याने बंदी केली आहे. नातेवाइकांना हा कायदा लागू नाही, पण त्यामागचा विचार लागू आहे. दूध नीट उतरण्याची धडपड चालू असते, नेमक्या त्याच आठवड्यात घरात आलेला पावडरीचा डबा ‘तुला जमणार नाही’ असे न बोलता सांगून जातो. ज्या आईला वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावे लागते, तिला ते डॉक्टरच सांगतील. तिला त्यावरून टोमणा न मारणे एवढेच इतरांकडे उरते.

मनाच्या अवस्थेचा विचार भेटीच्या गप्पांत सहसा येत नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या मातांचा अभ्यास विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही कारणे अपेक्षितच होती, पण जन्मलेले बाळ मुलगा की मुलगी याचाही नैराश्याशी संबंध दिसला. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, ही वाटणी अनेक घरांत निरागसपणे चालते. मात्र दुसऱ्या मुलीच्या वेळी आहेर हलका झाला, भेटायला येणारे घटले, तर त्याचा अर्थ बाळंतिणीला समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा दुसरी मुलगी झालेल्या घरी पहिल्या मुलाच्या तोडीचा बाळंतविडा नेणे हे नुसते सौजन्य नाही, त्या घरात घेतलेली ती एक बाजू आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तरच त्या वेळी ६,००० रुपये मिळतात. सरकारनेही इथे हीच बाजू घेतली आहे.

सरकारी आहेराचाही असाच हिशेब मांडता येतो. फिनलंडने १९३८ मध्ये गरीब मातांसाठी बाळाच्या कपड्यांची पेटी सुरू केली आणि १९४९ पासून ती सर्वांना खुली केली. पेटी हवी तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच तपासणीला जायचे ही अट, आणि खरे सार त्या अटीतच होते. महाराष्ट्राने २०१९ मध्ये शासकीय आरोग्य संस्थांत पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किट आणले. त्यात कपडे, मच्छरदाणी, थर्मामीटर अशा वस्तू, बहुतेक बाळाच्याच. त्यापेक्षा आदिवासी भागात २०१५ पासून चाललेली अमृत आहार योजना बाळंतविड्याच्या जास्त जवळची वाटते, कारण त्यात गर्भवती आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण, गरम जेवण मिळते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच प्रशिक्षित बाईला नवजात बाळाच्या घरी पाठवले, बाळमृत्यू लक्षणीय घटले, आणि पुढे ती पद्धत देशभर आली. आज रुग्णालयात प्रसूती झाली तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे असते. त्या सहा फेऱ्या कुठल्याही किटपेक्षा महत्त्वाच्या, कारण त्यात कोणीतरी येऊन आईला, ताप आहे का, रक्त किती जाते, दूध उतरते का, असे विचारते.

विश्रांतीची ही सगळी चर्चा ज्यांना विश्रांती परवडते त्यांच्यापुरती राहण्याचा धोका आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि काम चुकलेल्या दिवसाचा खाडा पैशांतून कापला जातो. त्या बाईला डिंकाचे लाडू नेऊन देणे चांगलेच, पण तिला लागते ती बुडालेल्या दिवसांची मजुरी. घरकामाच्या बाईच्या बाबतीत तर ही भेट थेट मालकिणीच्या हातात असते. कायद्याने संघटित क्षेत्रातल्या स्त्रीला २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, धुणेभांडी करणाऱ्या बाईला ती कुठल्याच घरातून मिळत नाही. तिच्या बाळाला फ्रॉक देऊन दोन महिन्यांचा पगार कापणारी घरे पुष्कळ आहेत.

भेटी देण्याची वेळ हाही एक प्रश्नच आहे. बारशापर्यंत घर माणसांनी भरलेले असते, नंतर एकेक जण पांगतो, सव्वा महिन्याने आई परत जाते, आणि नवऱ्याची रजा संपून कधीच गेलेली असते. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत ती देण्याची कायद्याने सक्ती नाही. मदतीची खरी टंचाई सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. ज्यांना बारशाला जमले नाही त्यांनी अपराधी वाटून घेण्यापेक्षा तेव्हा एक दुपार जावे, हात धुऊन बाळाला घ्यावे आणि आईला दोन तास झोपू द्यावे. नोकरी करणारी असेल तर सहाव्या महिन्यानंतरचा काळ पुन्हा कठीण. कायदा पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे, असे सांगतो. कचेरीतल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून पाळणा घेण्याऐवजी ते पाळणाघर प्रत्यक्षात सुरू आहे का हे व्यवस्थापनाला विचारावे, आणि ती चार वेळा उठून जाईल तेव्हा तिच्या टेबलावरचे काम सांभाळावे.