निवृत्तीनंतरची झोळी



पातूरच्या पंचक्रोशीतील कित्येक वासनिक शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक म्हणून आयुष्य वेचतात आणि ५८ व्या वर्षी सेवानिवृत्त होतात. आरंभी विश्रांती गोड वाटते. पुढे ओसरीवर बसल्या बसल्या प्रश्न पडतो, ‘आता आपले काम काय?’ घरात आपली गरज उरली नाही, ही सल मनास कुरतडू लागते. मग कोणी एखाद्या मंडळाचे अध्यक्षपद शोधू लागतो. पद गेले, परंतु पदाचा अभिमान राहिला, अशी त्याची अवस्था होते.

या प्रश्नाचे उत्तर पूर्वाचार्यांच्या चरित्रात आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हा परिवारावर केवढा प्रसंग ओढवला! सेवा हेच ज्यांचे जीवन, त्यांचे सेव्यच दृष्टीआड झाले. सन्निधान सरले, असन्निधान आले. श्रीनागदेवाचार्यादी भक्तजन रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. म्हाइंभटांनी तर स्मरणालाच सेवेचे रूप दिले. सराळ्याचे हे पंडित एके काळी स्वामींशी वाद करावयास आले होते. तेच पुढे, ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्यापाशी जाऊन लीळा विचारीत राहिले. वादी होता तो याचक झाला, म्हणून १३ व्या शतकात लीळाचरित्र सिद्ध झाले. पुढे मूळ पोथी धाडीत नष्ट झाली, तेव्हा हिराइसांसारख्यांच्या स्मरणातून ते पुन्हा उभे राहिले.

यातील वर्म ध्यानी घ्यावे. नोकरीत असता लोक आपल्याकडे विचारावयास येत. निवृत्तीनंतर आपण विचारावयास निघावे. भिक्षुक झोळी घेऊन परक्या दारी उभा राहतो, त्याने पोट भरते आणि अहंताही झिजते. वासनिकाने ज्ञानाची झोळी घ्यावी. सकळ लिपी शिकावी. गावातील वृद्धांना जुने शब्द, चालीरीती, स्थानांच्या आठवणी विचाराव्यात व वहीत उतरवाव्यात. सांगणाऱ्याचे नाव लिहावे; दोघांचे सांगणे भिन्न असेल तर लीळाचरित्रातील पाठभेदांप्रमाणे दोन्ही नोंदवावे. रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. अशा वह्यांचे मोल जाणणारे तेथे भेटतील.

कोणी म्हणेल, ‘दृष्टी अधू झाली, पाय चालत नाहीत.’ नामस्मरणास दृष्टी लागत नाही आणि नातवंडास एक लीळा सांगावयास पाय लागत नाहीत.

नोकरीतून निवृत्ती शासन देते. अभिमानातून निवृत्ती मात्र ज्याची त्यानेच घ्यावी लागते. ती घेतली की कामाला तोटा राहत नाही.