डावा हात

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी केशकर्तनालयांत जी गर्दी लोटते, तिच्यात एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. एरवी कुणाच्या 'अरे'ला 'का रे' केल्यावाचून न राहणारा गृहस्थही तेथे मान मागे टाकतो, डोळे मिटतो आणि आपला गळा निर्धास्तपणे दुसऱ्याच्या धारेखाली देतो. हल्ली त्या वस्तऱ्यात बहुधा एकदा वापरून टाकावयाचे अर्धे ब्लेड असते, हे खरे. पण अर्धी झाली तरी धार ती धारच.

हा विश्वास कशाच्या बळावर टिकतो? पाहणारे वस्तरा धरलेल्या उजव्या हाताकडे पाहतात. मी घरी अजून जुन्या पद्धतीचा, अखंड पात्याचा वस्तरा वापरतो आणि त्याच्या सहवासात माझे मत असे झाले आहे, की दाढीचे खरे काम डावा हात करतो.

गालाचे मैदान कुणालाही मारता येते. कसोटी लागते ती अवघड जागी: जबड्याच्या कोनाशी, खालच्या ओठाखालील खळीत, नाकाखालच्या चिंचोळ्या पट्टीत आणि कंठमण्यावर. कोठे हाड वर आलेले असते, कोठे कातडी सैल असते, कोठे केसांची दिशाच फिरते. गालावर खाली वळणारे केस गळ्यावर आडवे, क्वचित वरच्या दिशेने आणि कुणाच्या गळ्यावर तर भोवऱ्यासारखे वाढलेले असतात. म्हणून आधी डाव्या हाताची बोटे फिरवून पाहावीत. ज्या बाजूला फिरताना खुंट बोचत नाहीत, ती केसांची दिशा. पहिला हात तिकडेच न्यावा, उलटा हात मागाहून. ओठाखालच्या खळीसाठी खालचा ओठ दातांवर ओढून घ्यावा. नाकाखाली वरचा ओठ खाली ताणावा. कंठमण्यावर तर वस्तरा नेऊच नये. तेथली कातडी बोटांनी बाजूच्या सपाट जागी सरकवावी आणि तेथे तो चालवावा. पाते कातडीशी सुमारे 30 अंशांच्या कोनात असावे. अधिक उभे झाले तर कापते, फार आडवे झाले तर केस ओढले जातात. आणि जोर मुळीच नको. बोथट वस्तऱ्याने अधिक जखमा होतात त्या याचसाठी, की जे काम धारेने व्हावयाचे, ते माणूस जोराने करू पाहतो.

आधी स्पर्श, मग धार, एवढेच या कसबाचे सार. पण येथे एक प्रश्न आडवा येतो. हात कितीही हळुवार असो, तो कशासाठी चालतो आहे याची जबाबदारी कुणाची? हाताची, की सांगणाऱ्याची?

एके काळी ब्राह्मण विधवेच्या माथ्यावरून फिरणारा वस्तरा काही अकुशल नव्हता. घरच्यांची आज्ञा होती, शास्त्राचा आधार सांगितला जात होता, कामाचे पैसेही मिळत होते. न्हाव्याने 'मी काय करणार, मी हुकमाचा ताबेदार' असे म्हटले असते, तर त्याला कोण दोष देता? तरी 1890 साली मुंबईतील न्हाव्यांनी सभा भरवून ठरविले, की हे केशवपन आपल्या हातून व्हावयाचे नाही. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता.

हे आठवून मन भरून येते न येते, तोच दुसरा एक नकार आठवतो. याच महाराष्ट्रात खेड्याखेड्यांतून दलितांच्या हनुवटीला वस्तरा लावावयाचे नाकारले जात होते. 1950 साली अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 च्या कायद्याने असा नकार हा गुन्हा ठरविला; इतका तो मुरलेला होता. दोन्ही ठिकाणी शब्द एकच: 'मी वस्तरा लावणार नाही.' मग एकाला सदसद्विवेक म्हणावयाचे आणि दुसऱ्याला पाप, ते कोणत्या न्यायाने? कारागिराला 'नाही' म्हणण्याचा हक्क असेल, तर तो दोघांनाही असावयास हवा, असे एखादा तर्कपटू म्हणेल.

मला वाटते, याचे उत्तर डाव्या हातापाशी आहे. माथा धरल्यावाचून वपन होत नाही. मुंबईच्या त्या न्हाव्यांनी तो माथा हाताने धरलेला होता. त्यांचा नकार स्पर्शातून उपजला. खेड्यातला नकार स्पर्श टाळण्यासाठी होता. पहिल्या नकाराची किंमत नाकारणाऱ्याने आपल्या मिळकतीतून मोजली. दुसऱ्याची किंमत ज्याला नाकारले त्याने आपल्या मानातून मोजली. गावच्या न्हाव्यालाही गावकीचे भय असे, बलुते बंद झाले तर चूल कशी पेटावी ही चिंता असे, हे मी विसरत नाही. त्यामुळे तो नकार न्याय्य ठरत नाही. पण त्याच्या पापाचे वाटेकरी गावभर होते, एवढे मात्र दिसते.

वस्तरा सर्वांच्या हाती नसतो. धार मात्र असते. शिक्षकाच्या शब्दाला असते, साहेबाच्या सहीला असते, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जिभेला तर फारच असते. या चार दिवसांत घरोघरी माणसे जमतील. फराळाची ताटे मांडली जातील आणि कुणाच्या न जुळलेल्या लग्नाची, कुणाच्या सुटलेल्या नोकरीची, कुणाच्या रिकाम्या पाळण्याची चौकशी निघेल. या सगळ्या अवघड जागा. तेथे बोलूच नये असे नाही. आपल्या माणसाने बोलावयाचे नाही, तर कुणी? पण चकलीचा तुकडा मोडता मोडता सहज विचारून टाकण्याआधी, समोरच्याचे दुखणे कोणत्या दिशेने वाढले आहे ते बोटांनी चाचपून पाहावे. आणि हाताखाली नुसता कंठमणीच लागला, तर ताट पुढे करून 'करंजी घे' म्हणावे.