शिक्षा एकाची, भुर्दंड कोणाला?



आयदक्की लक्कम्मांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. मारय्या शरण बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून यायला लावले. तांदूळ चोरीचे नव्हते. गरजेपलीकडचे होते, एवढेच. ही कथा मनाशी ठेवून आपण आज तुरुंगाच्या दाराशी जाऊ या.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी मार्था राइट नावाच्या आजीबाई होत्या. पूर्वी परिचारिका, पुढे दृष्टी गेलेली. नातू मनुष्यवधाची शिक्षा भोगत होता व त्याला दूरदूरच्या राज्यांत हलविले जाई. आजींना पत्र वाचता येईना, प्रवास झेपेना, उरला टेलिफोन. परंतु तुरुंगातून येणाऱ्या टेलिफोनचा दर बाहेरच्या दराच्या कितीतरी पट! कारण ठेका एका कंपनीला, आणि तिने वसुलीतला हिस्सा तुरुंग चालविणाऱ्यांना द्यायचा, अशीच बहुतेक ठिकाणी रीत होती. दर जितका चढा तितका दोघांचाही लाभ. पैसे भरणारी आजी मात्र त्या करारात कोठेच नाही. 2000 साली त्या इतर कुटुंबांसह न्यायालयात गेल्या, 2003 साली तिथल्या दळणवळण आयोगाकडे. परराज्यांतील टेलिफोनच्या दरावर मर्यादा ठरली 2013 साली, मिनिटाला 21 ते 25 सेंट. 2015 साली आजी वारल्या. त्यांच्या नावाचा कायदा झाला 2023च्या जानेवारीत. कनेक्टिकट राज्याने 2022 पासून कैद्यांचे टेलिफोन विनामूल्यच केले.

आपल्याकडे हा प्रश्न आधी भेटीच्या रूपाने आला. तिहारमध्ये स्थानबद्ध असलेल्या फ्रान्सिस कोराली मुलिन यांना आपल्या पाच वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येई. आप्तांची भेट हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली सांगितले. कच्च्या कैद्यांना आठवड्यातून दोन भेटी मिळत, मग स्थानबद्धाला कमी का?

भेटीला शुल्क नाही, हे खरे. पण खानापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून हिंडलग्याला निघालेली बाई डोळ्यांपुढे आणा. जाण्यायेण्याचे बसभाडे, बुडालेली मजुरी, कडेवर मूल. तो खर्च कोणत्या न्यायाधीशाने ठोठावला? शिवाय आपल्या देशात 2022 साली दर चार कैद्यांत जवळजवळ तीन कच्चे होते, म्हणजे ज्यांचा दोष अजून ठरलेलाच नाही असे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, ज्याचा खून झाला त्याच्या आईला कोण टेलिफोन करणार? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. त्या माउलीचे समाधान होईल असे उत्तर माझ्यापाशी नाही. पण नातवाच्या गुन्ह्यापायी आजीकडून जे जास्तीचे पैसे घेतले जात होते, ते त्या माउलीच्या पदरात पडत नव्हते. ते ठेकेदार आणि तुरुंग यांच्यात वाटले जात होते. लक्कम्मांनी नेमके असलेच तांदूळ घरात ठेवू दिले नाहीत.