डोकेदुखीसाठी नको

सत्यनारायण गोयंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीने त्यांना इतके ग्रासले होते की मॉर्फिन घ्यावे लागे. १९५५ साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले, आणि केवळ डोकेदुखी घालवायला येत असाल तर नको, असे त्यांना सांगण्यात आले. दुःखाच्या मुळाशी जायची साधना डोक्यावरच्या बामासारखी वापरणे त्या गुरूला मान्य नव्हते. पुढे गोयंका शिकले, १९६९ साली भारतात आले, १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभे राहिले. आज ध्यानाची जाहिरात नेमकी त्याच नाकारलेल्या कारणाने होते: झोप लागेल, रक्तदाब उतरेल, कामात लक्ष लागेल. हा उलटफेर झाला कसा?

जुन्या ग्रंथांत आरोग्य हा ध्यानाचा हेतू नाहीच. पतंजलींच्या आठ अंगांत ध्यान सातवे. त्याआधी यम-नियमांची वाट चालावी लागते. वाटेत मिळणाऱ्या सिद्धींनाही ते समाधीतला अडथळाच मानतात. म्हणजे फायदा दिसला की सावध व्हायचे! बौद्ध परंपरेतही साध्य दुःखनिरोध, आणि ते प्रामुख्याने भिक्षूंचे काम. हे चित्र पालटले ते ब्रह्मदेशात. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले, राजाश्रय गेला, आणि धर्म टिकवायचा तर तो गृहस्थांच्या हाती द्यायला हवा असे लेडी सयाडो या भिक्षूंना वाटले. त्यांनी सोप्या बर्मी भाषेत पुस्तके लिहिली. त्यांच्या परंपरेत पुढे सया थेटजी हे शेतकरी, ऊ बा खिन हे सरकारी महालेखापाल आणि गोयंका हे व्यापारी. सारे संसारी. संसारी माणसाला निर्वाण दूरचे, पण आजचा राग आणि उद्याची चिंता जवळची. फायद्याची भाषा अमेरिकी बाजारपेठेने जन्माला घातली असे म्हणतात ते मला पटत नाही. ध्यान मठातून घरात आले, तेव्हाच तिचे बीज पडले होते.

अमेरिकेने या फायद्याच्या भाषेला मोजपट्टी दिली. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला, बराचसा जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी. धर्माचा उल्लेख बाजूला ठेवला. परंपरावादी याला भेसळ म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. शील वगळून लक्ष एकाग्र करायला शिकलेला माणूस अधिक शांतपणे लबाडी करू शकतो. पण आराम देण्याचा दावा केला की तो तपासू द्यावा लागतो, हा प्रामाणिकपणाही याच वाटेने आला. २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागींचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने माफक सुधारणा दिसली. मात्र औषध, व्यायाम यांसारख्या उपायांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०२२ च्या एका चाचणीत चिंताविकाराच्या रुग्णांना आठ आठवड्यांच्या या अभ्यासक्रमाचा गुण एस्सिटालोप्राम या गोळीइतकाच आला. संशयवादी यावर म्हणतील, मग हा नुसता विसावाच की. असेल, पण एका मान्य औषधाच्या तोडीचा विसावा ही क्षुल्लक गोष्ट नाही. उलट शाळकरी मुलांना सरसकट ध्यान शिकवण्याच्या ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगात नेहमीच्या शिकवणीपेक्षा वेगळा लाभ आढळला नाही. त्रास असलेल्या माणसाने स्वतःहून केलेले ध्यान आणि वेळापत्रकात बसवलेला तास यांत फरक असावा, असे मला वाटते.

गुण येतो, तर अपायही होऊ शकतो, हे मात्र जाहिराती सांगत नाहीत. दीर्घ मौनात काहींना तीव्र भीती वा भ्रम जाणवल्याच्या नोंदी आहेत. गोयंकांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिराचा अर्ज मानसिक आजाराची माहिती विचारतो, आणि गंभीर विकार असलेल्यांना शिबिर टाळायला सांगितले जाते. ऊ बा खिन यांच्या नकाराचे कारण वेगळे होते. तरी ज्याला आरामाची निकड सर्वांत जास्त, त्यालाच दारात थांबवणारा हा दुसरा नकार मोबाइलच्या पडद्यावरच्या ध्यानाच्या ॲपमध्ये कुठे भेटत नाही. तिथे फक्त वर्गणी भरायची असते.