काटकी मोडल्यानंतर

हिमाचलातल्या किन्नौरमध्ये नवरा-बायकोचं पटेनासं झालं, की जाणत्या माणसांसमोर दोघांनी मिळून एक वाळकी काटकी मोडायची, अशी जुनी रीत आहे. काटकी मोडली की लग्न मोडलं. वकील नाही, तारखा नाहीत, बाईच्या चारित्र्याची चारचौघांत चिरफाड नाही. शेजारच्या लाहौलमध्ये काटकीऐवजी लोकरीचा धागा तोडतात. बाईने दुसरं घर केलं, तर नवा नवरा पहिल्याचा लग्नखर्च भरून देतो. बाईच्या बदल्यात पैसे हातोहात फिरतात, हे मला खटकतं. तरीही नको झालेल्या संसारातून मान वर ठेवून बाहेर पडायची वाट तिथे आहे. आपल्याकडेही अनेक जातींत काडीमोड होई, पाट लागे. पांढरपेशा घरांनी मात्र टाकलेल्या बाईला जन्मभर माजघरात कोंडलं. म्हणून डोंगरातल्या या रीतीविषयी मला मनापासून आदर आहे.

पण काटकी मोडल्यावर बाई जाते कुठे? माहेरी. आणि माहेरची जमीन भावांची. किन्नौर आणि लाहौल-स्पीतीत ‘वाजिब-उल-अर्ज’ या महसुली दप्तरात जो रिवाज नोंदला आहे, तो मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा देत नाही. सगळ्या भावांनी मिळून एकच बायको करायची जुनी चालही याच हिशेबातली: अरुंद खोऱ्यातल्या शेताचे तुकडे पडू नयेत. सफरचंदाच्या बागेत बाई दिवसभर राबते, कागदावर नाव मात्र पुरुषाचं. नवरा सोडायची मुभा आहे. सोडून स्वतःच्या पायावर उभं राहायला हातभर जमीन नाही.

किन्नौरच्या रतन मंजरी यांनी या वाट्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. 2015 मध्ये हिमाचल उच्च न्यायालयाने या आदिवासी भागांतल्या मुलींना हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हक्क मिळेल असं म्हटलं. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कारण कायद्यातच आहे: 1956 च्या या कायद्याचं कलम 2(2) अनुसूचित जमातींना वगळतं, केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून लागू केला तरच तो लागू होतो.

आदिवासींच्या चालीरीतींत बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये, हे मला मान्य आहे. पण इथे मागणी बाहेरून आलेली नाही, त्या खोऱ्यातल्या मुलींचीच आहे. काटकीची रीत त्यांच्याकडेच राहू द्या. जमिनीपुरती ती अधिसूचना मात्र केंद्राने त्यांच्याशी बोलून, आणखी वेळ न दवडता काढावी.